एक बोट उरलं

वाशीमकडच्या मालेगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावाचं नाव कशाला हवं? तिथली माणसं काही वाईट नव्हती, आणि नाव घेतलं की उगाच एका गावाकडे बोट दाखवल्यासारखं होतं. पहिली मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गावात चौथीपर्यंतची शाळा होती, आणि त्या शाळेत तीस वर्षं हेडमास्तरकी करून नानाजी गुरुजी घरी बसले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पण अख्ख्या गावाला पाढे शिकवलेला माणूस! रस्त्यानं निघाला की ओट्यावरची मिशीवाली माणसंसुद्धा चटकन उठून उभी राहत. नानाजींना ते आवडायचं. का आवडू नये? तीस वर्षांची कमाई तेवढीच तर होती.

गणितात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि छडीतही नव्हता. तोंडी हिशेबाला पोरानं हाताची घडी घालून, ताठ मानेनं उभं राहायचं, ही त्यांची शिस्त. कोणी चोरून बोटं मोजताना दिसला की त्याच बोटांवर सपकन छडी. "टकुरं देल्लं ना देवानं? मंग बोटं कायले नाचवतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फळ्याच्या वर त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवून ठोकली होती: 'तोंडी गणितास हाताची घडी घालून उभे राहावे.' अक्षर असं सुरेख की बघत राहावं. नानाजी घरी बसले, त्यांच्या जागी त्यांचाच विद्यार्थी उकंडराव हेडमास्तर झाला, पण पाटी होती तिथेच राहिली.

गावाबाहेर नाल्याकाठी दौलतराव माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे, असं काही ना काही बारा महिने चालूच. नानाजी रोज सकाळी फिरत फिरत तिकडे जायचे आणि भाजी घेऊन परतायचे. हा दौलतरावही त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणजे दुसरीपर्यंतचा. एकदा बोटांवर छडी बसली, करंगळी सुजून कायमची वाकडी झाली, आणि पोरगं जे मळ्यात पळालं ते पुन्हा शाळेत फिरकलंच नाही. त्याचा त्याला काही राग नव्हता. उलट कोणी विचारलं तर हसून सांगायचा, "माह्या टकुऱ्यात गणित बसतच नाई, गुरुजीनं तं लय ठोकून पाह्यलं."

पौषातल्या एका सकाळी नानाजी मळ्यात पोचले तर नवराबायकोची जुंपलेली.

"शाळा बंद म्हंजे बंद!" दौलतराव ओरडत होता. "काल उकंडराव मास्तर घरी येऊन सांगून गेला. पोट्टी लिहिते, वाचते, अन् तोंडी गणित आलं का मुकी होते. चवथीत नापास होऊन गावात हसं करून घेऊ का? कामरगावचं स्थळ चालून आलं हाये, वैशाखात उडवून देऊ."

"बिजवर हाये तो!" त्याची बायको तुळसाबाई पदर खोचून उभी होती. "तीस वर्साचा बाप्या, अन् माही गोजरा अकराची. माह्या भावानं वाशीमहून निरोप धाडला, चवथी पास करून धाडून दे म्हणे, इथं पोरींची शाळा हाये, मास्तरीण होईन."

दौलतरावानं गुरुजींना बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमीच सांगा गुरुजी. बापाले आलं नाई ते पोरीले कुठून येईन?"

नानाजी काय सांगणार? त्यांची नजर त्या पोरीवर गेली होती. घरात एवढा गोंधळ चाललाय आणि ही आपली वाफ्यात उकिडवी बसून कांद्याचं रोप लावतेय. उजव्या हाताची चार बोटं चिखलात आडवी ठेवायची, त्यांच्या कडेला रोप खोचायचं, पुन्हा चार बोटं, पुन्हा रोप. कांद्यात अंतर ठेवायची माळ्यांची रीतच ती. हात कसा, पाण्यावरून चालावा तसा सरकत होता.

"काय व पोरी," नानाजींनी सहज विचारलं, "एका ओळीत किती रोपं बसले?"

"चाळीस," ती मान वर न करता म्हणाली. "त्यातले दोन मरतीन."

नानाजींनी काठीच्या टोकानं मोजली. बरोबर चाळीस! पुढची ओळ दगडामुळे आखूड होती. "अन् हे?" "एकतीस." मोजली, तर एकतीस.

"तू मोजलं कवा?"

पोरगी गोंधळली. "मी नाई मोजलं गुरुजी. हात किती खेपा ठेवला ते हाताले मालूम असते."

नानाजी तिथेच, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर बसले. तीस वर्षांत कितीतरी पोरं त्यांनी मुकी होताना बघितली होती, आणि प्रत्येकाला 'ढ' म्हणून मोकळे झाले होते. ही पोरगी ढ नव्हती. हिचं गणित हातात होतं, आणि शाळेत शिरताना तेच बांधून ठेवायला लागत होतं.

"दौलतराव," ते म्हणाले, "फाल्गुनात डिप्टीसाहेब परीक्षेले येते. तवापर्यंत पोरीले माह्या हवाली कर. पास झाली तं कामरगावले नाई म्हणजो."

गुरुजींना नाही कसं म्हणायचं? "बरं," तो म्हणाला. "पास झाली तं कामरगावले नाई म्हणतो. नाई झाली तं मंग मले कोणं अडवू नोका." तुळसाबाईनं तिथल्या तिथे गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मळ्यात शाळा भरली. छडी नाही, फळा नाही. पहिल्या दिवशी गोजरा हाताची घडी घालूनच उभी राहिली. नानाजींनी तिला चिखलात बसवलं आणि स्वतःही धोतर सावरून समोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले असतील चिखलात!

"हात ठेव. हा पुरा हात म्हंजे एक. चार बोटं, एक हात. मंग एक बोट म्हंजे किती?"

गोजरानं बोटाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. "पाव?" ती इतकं हळू बोलली की मोटेच्या आवाजात ऐकूच येईना.

"अन् दोन बोटं?"

"अर्धा." आता जरा मोठ्यानं. "अन् तीन म्हंजे पाऊण! गुरुजी, तीन बोटं म्हंजे पाऊण!"

झालं! पावकी, निमकी, पाऊणकी या तीन पाढ्यांनी गावातली निम्मी पोरं शाळेतून पळवली होती, आणि ही पोट्टी त्या पाढ्यांशी सागरगोटे खेळल्यासारखी खेळायला लागली. अंगठ्यानं उजव्या हाताची बोटं मोजत जायची, चार भरली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, आणि पुढं. तिचा सगळ्यात लाडका पाढा 'सात पाऊण'. सात वेळा तीन बोटं मोजून झाली की डाव्या हाताची अख्खी मूठ मिटलेली असायची आणि उजव्या हाताचं एकच बोट उभं राहायचं. ते बोट नानाजींच्या नाकासमोर नाचवून ती ओरडायची, "एक बोट उरलं गुरुजी! सव्वापाच!" आणि खळखळून हसायची. त्या हसण्यासाठी नानाजी तोच प्रश्न रोज दोन-दोनदा विचारायचे.

माघ लागला तेव्हा ती नानाजींनाच कोडी घालत होती. 'या वाफ्यात अडीच पट रोप घातलं तर ओळी किती?' बोटं भुरुभुरु चालायची आणि उत्तर तयार. दौलतराव मोट हाकता हाकता कान देऊन ऐकायचा. एकदा त्यानंही सगळ्यांची नजर चुकवून आपली बोटं मोजून बघितली, आणि उत्तर बरोबर आलं तसा स्वतःशीच लाजला. नानाजींना रात्री झोप छान लागायला लागली. इतकी वर्षं आपण काय शिकवत होतो, असं मनात यायचं, आणि ते कूस बदलायचे.

आता शाळेतली पाटी त्यांना आठवत नव्हती असं नाही. चांगली आठवत होती. एक दिवस ते मन घट्ट करून म्हणाले, "गोजरे, आज हात मांग बांध अन् सांग. पाच पाव किती?" तिनं हात मागे नेले. आणि बाप्पा, त्या पोरीचा चेहराच उतरला! ओठ मिटले, डोळे खाली गेले, तीच जुनी मुकी गोजरा समोर येऊन उभी राहिली. नानाजींना ते बघवेना. "राहू दे, राहू दे," ते घाईनं म्हणाले, "उद्या पाहू." असे उद्या मग बरेच निघून गेले.

शेवटी त्यांनी दुसरी वाट धरली. उकंडराव आपलाच चेला, त्यालाच सांगू की त्या दिवशी या पोरीचे हात मोकळे राहू दे. परीक्षेच्या आठ दिवस आधी ते शाळेत गेले. उकंडराव धावत आला, पाया पडला, वर्गातल्या पोरांना त्यानं उभं केलं. "हे पाहा," तो पोरांना म्हणाला, "ह्यायच्याच शिस्तीवर आपली शाळा चालून राह्यली. वाचा रे पाटी!" पन्नास पोरांनी हाताची घडी घालून एका सुरात पाटी वाचली. नानाजी जे सांगायला आले होते ते तसंच राहिलं. आपलीच पाटी, आपल्याच तोंडानं खोटी ठरवायची? तेही पोरांसमोर? "छान चाललं हाये, चालू द्या," असं म्हणून ते घरी आले. वाटभर स्वतःला समजावत राहिले की डिप्टीसाहेब बहुतेक पोरांच्या लिहायच्या पाटीवरच हिशेब घालतात, आणि त्या पाटीवर लिहिताना डाव्या हाताकडे बघतो कोण?

परीक्षेच्या दिवशी शाळेला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. डिप्टीसाहेब खुर्चीत बसले, आणि उकंडरावानं त्यांच्या शेजारची खुर्ची मुद्दाम नानाजींना दिली. दारात, ओसरीवर आईबाप दाटीनं उभे होते. तुळसाबाईनं पोरीला नवं परकर-पोलकं घालून आणलं होतं. चौथीची चौदा पोरं, त्यात गोजरा एकटी मुलगी. तिनं नानाजींना बघितलं आणि ती हसली. तिला कसलीच भीती नव्हती! येतंय तर भ्यायचं काहून?

साहेब माणूस चांगला होता, हे सांगायलाच हवं. मऊ बोलायचा. वाचन झालं, शुद्धलेखन झालं, दोन्हींत गोजरा पुढे. मग साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाटी-पेन्सिल राहू द्या, वेळ थोडा आहे. गणित तोंडीच घेऊ."

नानाजी खुर्चीत पुढे सरकून बसले.

तीनचार पोरं झाली आणि गोजराचं नाव निघालं. ती टुणकन उठली, हात पुढे घेतले, अंगठा बोटांवर ठेवला.

"गोजरा!" उकंडराव गरजला. "हाताची घडी!"

ती दचकली. तिनं हात काखेत घातले.

"सात पाऊण किती?" साहेबांनी विचारलं.

अहो, सात पाऊण! दुसरं काही विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. तोच पाढा आला, आणि पोरगी गप्प उभी. काखेत दाबलेली बोटं चुळबुळत होती, पण अंगठ्याला बोट सापडत नव्हतं.

"घाबरू नकोस बाळ," साहेब म्हणाले. "सावकाश सांग." ते खरंच थांबले. मग सोपं करून विचारलं, "बरं, पाच पाव?" आणखी सोपं केलं, "दोन पाव?"

गोजराचे डोळे नानाजींवर येऊन थांबले. नुसती बघत होती. तिच्या मनात शंकाच नव्हती की गुरुजी आता बोलतील. एवढंच तर म्हणायचं होतं, 'साहेब, तिले हात सोडू द्या.' एक वाक्य! नानाजींनी ओठ उघडले.

"ही पाटी कोणाची?" साहेब फळ्याच्या वर बघत म्हणाले. "फार सुंदर शिस्त आहे. मुलांची बोटं मोजायची खोड मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत सुटलेली बघितली नाही."

"आमच्या गुरुजींची, साहेब!" उकंडराव अभिमानानं फुलून म्हणाला. साहेबांनी खुर्चीतूनच वळून नानाजींना नमस्कार केला. दारातल्या माणसांनी माना डोलावल्या. आणि नानाजींनी उघडलेले ओठ मिटले आणि साहेबांना उलटा नमस्कार केला.

गोजरानं ते बघितलं. मग तिनं नजर खाली घातली, आणि त्यानंतर साहेबांनी काही विचारलं तरी ती वर आली नाही. चौदापैकी तेरा पास झाले.

संध्याकाळी नानाजी मळ्यात गेले. तुळसाबाई विहिरीकडे तोंड करून रडत होती. दौलतराव दावं वळत बसला होता. तो उठून उभा राहिला, नेहमीसारखाच.

"दौलतराव, चूक माही हाये," नानाजी एका दमात बोलून गेले. "पोरीले येते. सगळं येते. हात सोडून इचार, आता इचार!"

"हात सोडून तं येतेच, गुरुजी," दौलतराव शांतपणे म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. "पण बोटावरचं गणित ते गणित नसते, हे तुमीच तं शिकवलं आमाले." त्यानं आपली वाकडी करंगळी चोळली. "तुमी लय मेहनत घेतली. आमच्या रक्तातच नाई ते. आता कामरगावले होकार धाडतो."

नानाजींनी विनवण्या केल्या, हात जोडले. दौलतराव शब्दाचा पक्का होता. पास झाली असती तर त्यानं तेवढ्याच पक्केपणानं कामरगावला नकार कळवला असता. हे नानाजींना कळत होतं, आणि ते कळणंच त्यांना सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. "उकंडराव, ते पाटी काढून टाक," असं ते या वेळी अगदी स्पष्ट बोलले. उकंडराव आधी हसला. गुरुजी थट्टा करतात असं वाटलं असेल त्याला.

"काढतो कुठून गुरुजी? डिप्टीसाहेबानं तिची नक्कल लिहून नेली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तशी पाटी लावायचा हुकूम निघणार हाये. खाली तुमचं नाव टाकू म्हणत होते!"

नानाजी घरी आले आणि पंधरा दिवस बाहेर पडले नाहीत. लोक म्हणाले, गुरुजी थकले.

वैशाखात लग्न लागलं. दौलतराव स्वतः येऊन हाताला धरून घेऊन गेला म्हणून नानाजी मांडवात गेले. कांदे काढून झाले होते, मळ्यातले वाफे मोकळे पडले होते. बिजवराच्या मिशांत दोन पांढरे केस होते. गोजराला लुगडं सावरत नव्हतं, दर चार पावलांनी पायात यायचं.

दमणी जुंपली. पोरगी सगळ्यांच्या पाया पडत नानाजींपाशी आली. वाकली, डोकं टेकवलं, उठली. हळदीनं पिवळे झालेले हात, त्यात कोपरापर्यंत हिरवा चुडा. नानाजींना राहवेना. खाली वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं त्यांनी विचारलं, "गोजरे, सात पाऊण किती व?"

त्यांना एवढंच हवं होतं की तिनं ते एक बोट एकदा वर करावं. कामरगावला जाताना तेवढं तरी तिच्याजवळ राहावं. बाकी सगळं आपण घालवलं, पण तेवढं राहिलं तर मरताना समाधान वाटेल, असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं.

गोजरानं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं पाय जुळवले, मान ताठ केली आणि चुड्याचे दोन्ही हात नीट दुमडून हाताची घडी घातली.

"मले येत नाई, गुरुजी," ती म्हणाली. "मले कवाच येत नोतं."

आईनं हाक मारली तशी ती वळली आणि लुगड्याचा घोळ धरून दमणीत चढली. बैलांनी पाऊल उचललं. नानाजी रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि जाणारा-येणारा जो तो त्यांना वाकून नमस्कार करत होता.